ध्रुवतारा दिसत नाही तेथे

जहाजांची चरित्रे मराठीत फारशी लिहिली गेली नाहीत. किल्ल्यांची लिहिली गेली, घराण्यांची लिहिली गेली, अलीकडे नद्यांचीही लिहिली जाऊ लागली आहेत. आरमाराचा उल्लेख आपण अभिमानाने करतो खरा. पण गुराब आणि गलबत यांत फरक काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांची तारांबळ उडते. मग बर्फ फोडीत जाणाऱ्या एका जर्मन जहाजाची कथा मराठीत कोणी सांगावी, ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायला हवी. तरीही ती सांगण्याजोगी आहे. विज्ञान, राजकारण आणि निव्वळ वाणसामान पोहोचवण्याचा व्यवहार या तिन्ही गोष्टी एकाच लोखंडी पोटात घेऊन हे जहाज चाळीस वर्षांहून अधिक काळ दोन्ही ध्रुवांच्या मध्ये येरझारा घालीत आहे. आणि त्याच्या कथेत एका वळणावर गोवाही येतो.

जहाजाचे नाव ‘पोलारश्टेर्न’, म्हणजे ध्रुवतारा. नाव ठेवणाऱ्यांना आपली ध्रुवबाळाची कथा ठाऊक असण्याचे कारण नाही. बापाच्या मांडीवरून उठवले गेलेले पोर अढळपद मागायला रानात जाते आणि ते मिळवते, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामुळे ध्रुव म्हटले की आपल्या मनात प्रथम येते ते न हलणे. या जहाजाचे सारे आयुष्य मात्र हलण्यात गेले. इतकेच नव्हे, तर वर्षातला मोठा काळ ते जेथे काम करते त्या दक्षिण गोलार्धाच्या टोकाकडून ध्रुवतारा दिसतच नाही. तो क्षितिजाखाली असतो. नावातला हा विरोधाभास जर्मनांना खटकला नसावा. त्यांना त्या वेळी दुसरीच घाई होती. तिच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल.

हे जहाज चालवणाऱ्या संस्थेला आल्फ्रेड वेगेनर यांचे नाव दिलेले आहे. खंड सरकतात हे सांगणारा शास्त्रज्ञ म्हणून वेगेनर आपल्याला शालेय भूगोलात भेटतात आणि तेथेच आपण त्यांचा निरोप घेतो. त्यांचा मृत्यू कसा झाला हे फारसे कोणी सांगत नाही. १९३० साली ते ग्रीनलंडच्या मोहिमेचे प्रमुख होते. हिमपठाराच्या अगदी मध्यभागी ‘आइसमिटे’ नावाचे ठाणे उभारून तेथे वर्षभर हवामानाची निरीक्षणे करायची, असा बेत होता. पण मोहीम किनाऱ्याला लागण्यापूर्वीच खाडीतल्या बर्फाने वाट अडवली. बर्फ फुटेना, सामान उतरेना. सुमारे सहा आठवडे असेच गेले. ध्रुवीय प्रदेशातील उन्हाळा मुळात एवढासा. त्यातले सहा आठवडे गेले म्हणजे काय गेले हे समजण्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. पावसाळ्यात पेरणीचे दिवस हुकलेल्या शेतकऱ्याला ते नेमके कळेल.

परिणाम असा झाला की आइसमिटेवर हिवाळा काढायला थांबलेल्या दोघांकडे पुरेसे इंधन आणि अन्न पोहोचले नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात वेगेनर स्वतः कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन निघाले. सोबत निघालेले बहुतेक ग्रीनलंडवासी वाटेतून परत फिरले, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही; थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्याही पलीकडे गेली होती. चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर ऑक्टोबरच्या अखेरीस वेगेनर, फ्रिट्झ लोवे आणि रास्मुस विलुमसेन हे तिघे ठाण्यावर पोहोचले, तेव्हा पोहोचवायचे सामान जवळपास उरलेच नव्हते. लोवे यांच्या पायांची बोटे गोठून गेली होती. ती तेथेच खिशातल्या चाकूने कापावी लागली. ठाण्यावर तिघांपुरतेच कसेबसे भागणार होते. म्हणून १ नोव्हेंबर रोजी, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर आणि विलुमसेन परतीच्या वाटेला लागले. वेगेनर यांचा देह पुढच्या मे महिन्यात बर्फात सापडला. कोणीतरी तो नीट गुंडाळून पुरला होता आणि खुणेला त्यांच्या बर्फावरच्या पट्ट्या उभ्या रोवल्या होत्या. ते काम करणारा तेवीस वर्षांचा विलुमसेन कधीच सापडला नाही.

वेगेनर हे सिद्धान्तासाठी मेले, असे चरित्रग्रंथांत सुचवले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. ते मेले रसद पोहोचवताना, आणि रसद पोहोचली नाही ती किनाऱ्यावरचा बर्फ वेळेवर फोडता आला नाही म्हणून. ज्या संस्थेने पुढे त्यांचे नाव घेतले तिच्या मुख्य जहाजाचे अधिकृत वर्णन ‘संशोधन आणि रसदपुरवठा करणारे बर्फफोडे जहाज’ असे आहे, हा योगायोग असेल. पण या तीन शब्दांत वेगेनर यांच्या शेवटच्या वर्षाचे सगळे दुखणे आले आहे.

बर्फ फोडणे म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे एक सार्वत्रिक गैरसमज असतो. जहाजाचे टोक कुऱ्हाडीसारखे धारदार असते आणि ते बर्फ कापीत जाते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते टोक बोथट आणि खालच्या बाजूला तिरके उतरते असते. जहाज कापीत नाही, चढते. इंजिनाच्या जोरावर ते बर्फाच्या पत्र्यावर आपले नाक घालते आणि मग स्वतःच्या वजनाने तो पत्रा खाली दाबून मोडते. बर्फ फारच जाड असला तर मागे सरकायचे, पुन्हा धावत यायचे, पुन्हा चढायचे. हत्तीने कुंपण मोडावे तसा हा प्रकार आहे. या कामासाठी जहाजाचा तळ गोलसर ठेवावा लागतो, आणि म्हणूनच ही जहाजे मोकळ्या समुद्रात अतिशय डोलतात. बर्फात भक्कम आणि पाण्यात बेभरवशाची, अशी ही जात आहे.

ही युक्ती प्रथम सुचली ती एका रशियन व्यापाऱ्याला. मिखाईल ब्रित्नेव्ह यांनी १८६४ साली क्रोनश्टाट बंदरात ‘पायलट’ नावाच्या छोट्या वाफेच्या बोटीचे नाक तिरके कापून घेतले. हेतू एवढाच, की बंदराचा धंदा हिवाळ्यात आणखी काही आठवडे चालावा. ध्रुवापर्यंतची झेप तिला दिली अॅडमिरल स्तेपान मकारोव यांनी. त्यांच्या आग्रहावरून इंग्लंडात न्यूकॅसल येथे बांधलेले ‘येर्माक’ १८९९ साली रशियाला मिळाले. या जहाजाने सरळ ध्रुवावर धडक मारायची, अशी मकारोव यांची उमेद होती. स्पिट्सबर्गनच्या उत्तरेला पहिल्याच उन्हाळ्यात ध्रुवीय बर्फाने ‘येर्माक’चे अंग फाडले आणि धडक मारण्याची भाषा बंद पडली. पण १९०० सालच्या हिवाळ्यात फिनलंडच्या आखातात याच जहाजाला पोपोव्ह यांच्या नव्या बिनतारी यंत्रावरून निरोप मिळाला, की बर्फाच्या तुकड्यावर काही कोळी वाहून चालले आहेत. आणि ‘येर्माक’ने त्यांना वाचवले. बिनतारी संदेशाने माणसांचे प्राण वाचल्याच्या अगदी पहिल्या घटनांपैकी ही एक. मकारोव पुढे १९०४ साली पोर्ट आर्थरच्या बाहेर जपानी सुरुंगावर आपल्या युद्धनौकेसह बुडाले. त्याच नौकेवर वेरेश्चागिन हा चित्रकारही होता, भारतात येऊन ताजमहाल रंगवणारा. हा तपशील विषयाला सोडून आहे, पण तो टाळवत नाही. मकारोव यांचे नाव पुढे याच कथेत पुन्हा येणार आहे.

आता जर्मनांच्या घाईकडे.

अंटार्क्टिकाविषयीचा करार १९५९ साली झाला आणि १९६१ मध्ये अमलात आला. कोणी नवा हक्क सांगायचा नाही, शस्त्रे आणायची नाहीत, विज्ञान मात्र मोकळेपणाने करायचे, असा त्याचा आशय. पण या करारात एक खोच आहे. त्यावर सही कोणीही करू शकतो. निर्णयाच्या बैठकीत मत मात्र त्यालाच, जो तेथे ठोस संशोधन करीत असल्याचे दाखवील. थोडक्यात, विज्ञान हे त्या सभागृहाचे प्रवेशपत्र आहे. सत्तरच्या दशकात तेल महागले, समुद्रावरच्या दोनशे मैलांच्या हक्कांची चर्चा सुरू झाली आणि दूरच्या पाण्यांत मासेमारी करणाऱ्या देशांना आपली जाळी कोठे टाकावीत हा प्रश्न पडला. पश्चिम जर्मनीने अंटार्क्टिकच्या समुद्रातील क्रिल, म्हणजे कोळंबीच्या जातीचा तो इवलासा जीव, पकडून खाण्याजोगा करता येईल का हे पाहण्यासाठी मोहिमा काढल्या. बर्फाखालच्या खनिजांवरही नजर होतीच. १९७९ मध्ये तिने करारावर सही केली, १९८० मध्ये ब्रेमरहाफेन येथे वेगेनर संस्था स्थापन झाली, १९८१ च्या आरंभी एकस्ट्रोम हिमफळीवर ‘गेओर्ग फॉन नॉयमायर’ हे ठाणे उभे राहिले आणि त्याच मार्चमध्ये मताचा अधिकार मिळाला. संस्थेचे पहिले संचालक गोटहिल्फ हेम्पेल हे मत्स्यविज्ञानाकडून आलेले होते, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे. विज्ञान येथे आधी आले आणि हेतू नंतर, असे नव्हते. पण हेतू शुद्ध नसला म्हणजे त्यातून निघणारे ज्ञानही अशुद्ध ठरते, असे मानण्याचे कारण नाही. ते पुढे दिसेलच.

१९८१ चा डिसेंबर या कथेत विशेष आहे. त्या महिन्यात दक्षिणेच्या समुद्रात भूगर्भशास्त्रज्ञांना घेऊन गेलेले ‘गॉटलांड दोन’ हे जर्मनांनी भाड्याने घेतलेले जहाज व्हिक्टोरिया लँडच्या किनाऱ्याजवळ बर्फाच्या कचाट्यात सापडून बुडाले. माणसे सगळी वाचली. त्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, गोव्याच्या मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाचे दुसरे एक भाड्याचे जहाज दक्षिणेकडे निघाले होते. जहाज नॉर्वेचे, त्यावरचे एकवीस जण भारताचे. नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, त्याआधी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले. मोहीम गुप्त ठेवलेली होती. ९ जानेवारी १९८२ रोजी ती अंटार्क्टिकावर उतरली तेव्हाच देशाला तिचा पत्ता लागला. भारताचाही हिशेब तोच होता: आधी मोहीम, मग सही, मग मत. सही ऑगस्ट १९८३ मध्ये झाली आणि मताचा अधिकार पुढच्याच महिन्यात मिळाला.

दोन देश जवळजवळ एकाच वेळी, एकाच दाराने आत शिरले. दोघांनीही पहिली ठाणी तरंगत्या हिमफळीवर बांधली आणि दोघांचीही ठाणी बर्फाखाली गाडली गेली. आपले ‘दक्षिण गंगोत्री’ १९९० साली सोडावे लागले, नॉयमायर १९९२ मध्ये बदलावे लागले. आपले पुढचे ठाणे ‘मैत्री’ ज्या खडकाळ पट्ट्यात आहे त्याला शिरमाकर असे नाव आहे, आणि ते १९३८-३९ च्या नाझी जर्मनीच्या मोहिमेतील एका वैमानिकाचे आहे. भूगोलाला असल्या गोष्टींची लाज वाटत नाही. फरक पडला तो जहाजाच्या बाबतीत. ‘पोलर सर्कल’ निघाल्यानंतर सुमारे एका वर्षाने, ९ डिसेंबर १९८२ रोजी, ‘पोलारश्टेर्न’ सेवेत रुजू झाले. आपण भाड्यानेच जात राहिलो. आधी नॉर्वेचे, मग ‘फिनपोलारिस’, मग इतर, आणि पुढे बहुधा रशियाची जहाजे.

कील आणि रेंड्सबुर्ग येथील गोद्यांत बांधलेले हे जहाज ११८ मीटर लांब आणि २५ मीटर रुंद आहे. चार डिझेल इंजिने मिळून सुमारे वीस हजार अश्वशक्ती. दीड मीटर जाडीचा बर्फ ते न थांबता फोडीत जाते. त्याहून जाड असला तर धडका मारून. खलाशी चव्वेचाळीसच्या आसपास आणि शास्त्रज्ञ पन्नासावर. वर्षातले तीनशेच्या वर दिवस ते समुद्रावर असते. त्याचे पंचांग साधे आहे: उत्तरेत उन्हाळा असेल तेव्हा उत्तरेत, दक्षिणेत उन्हाळा असेल तेव्हा दक्षिणेत. मधल्या काळात अटलांटिक ओलांडताना विषुववृत्त लागते, तेथेही मोजमापे चालूच. काही अपवाद सोडले तर हिवाळा त्याच्या वाट्याला येत नाही.

रसदेचे काम दिसायला अगदी रुक्ष. आट्का उपसागरात हिमफळीचा कडा समुद्रात उभा असतो. जहाज त्याला टेकते, यारीने डिझेलच्या टाक्या, पिठाची पोती, यंत्रांचे सुटे भाग, हवामानाचे फुगे वर चढवले जातात, आणि साखळीच्या चाकांची वाहने ते ओढीत ठाण्यावर नेतात. परतताना वर्षभराचा कचरा जहाजात भरला जातो. ठाण्यावर मागे राहणारी नऊ-दहा माणसे जहाज दृष्टीआड होईपर्यंत पाहत असणार. पुढे कित्येक महिने कोणी येणार नसते. या कामात जोखीमही असते. मार्च २००८ मध्ये जहाजावरचे एक हेलिकॉप्टर ठाण्याकडे जाताना कोसळले आणि वैमानिक व एक संशोधक असे दोघे मृत्युमुखी पडले. ध्रुवीय संशोधनाचे इतिहास लिहिणारे रसदेला परिशिष्टात टाकतात. वेगेनर यांचे शेवटचे वर्ष वाचल्यावर मात्र तसे करणे कठीण जाते.

क्रिलचे काय झाले? ज्या जीवाला ताटात आणण्याच्या आशेने जर्मनी दक्षिणेला गेली, त्याचे हिवाळ्यातले जीवन कोणालाच नीटसे ठाऊक नव्हते. काळोख्या समुद्रात वनस्पतिप्लवक नसताना हे अगणित जीव खातात काय? १९८६ साली ‘पोलारश्टेर्न’ने प्रथमच वेडेल समुद्रात ऐन हिवाळा काढला. बर्फाखाली कॅमेरे सोडले गेले, आणि क्रिल बर्फाच्या खालच्या अंगाला उलटे चिकटून तेथे वाढलेले शेवाळ खरवडून खाताना दिसले. म्हणजे तो बर्फ म्हणजे त्यांचे कुरणच. मासेमारीचा तो मोठा जर्मन उद्योग पुढे उभा राहिलाच नाही. कुरणाचे ज्ञान तेवढे राहिले. ७ सप्टेंबर १९९१ रोजी स्वीडनच्या ‘ओडेन’सोबत हे जहाज उत्तर ध्रुवावर पोहोचले. अणुशक्तीवर चालणारे सोव्हिएत ‘आर्क्टिका’ १९७७ मध्येच तेथे गेले होते. साध्या इंधनावरची पहिली ही दोन. वर्तमानपत्रांना याचे कौतुक अधिक वाटले. माझ्या मते मोठी गोष्ट कुरणाची.

आता गोव्याचे वळण. ‘लोहाफेक्स’ हे नाव वाचून प्रथम कोणालाही ती एखादी औषधी गोळी वाटेल. पण त्यातला ‘लोहा’ खरोखरच आपला आहे. हिंदीतला लोहा आणि पुढे ‘खत देण्याचा प्रयोग’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग, आणि जहाज अर्थात ‘पोलारश्टेर्न’. कल्पना समजायला शेतीकडे पाहावे. ऊस किंवा संत्र्याची बाग पिवळी पडली की आपले शेतकरी फेरस सल्फेट देतात, ज्याला जुने लोक हिराकस म्हणत. जमिनीत बाकी सगळे असते, लोह कमी पडते. दक्षिणेच्या समुद्राचेही तसेच आहे. नत्र-स्फुरद भरपूर, लोह नाममात्र. लोह टाकले तर वनस्पतिप्लवक फोफावेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढील, आणि मेल्यावर तो कार्बन घेऊन तळाशी जाईल. जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकाअखेर असे थट्टेने म्हटले होते, की अर्धा टँकर लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो. मार्टिन १९९३ मध्ये वारले, पण थट्टा मागे राहिली. आणि काही व्यापारी मंडळींनी ती गांभीर्याने घेतली. समुद्राला खत घालायचे आणि त्या बदल्यात कार्बनच्या हुंड्या विकायच्या, असा तो बेत होता.

‘पोलारश्टेर्न’ने यापूर्वी २००० आणि २००४ मध्ये असे दोन प्रयोग केले होते आणि कोणी फारशी हरकत घेतली नव्हती. २००९ पर्यंत हवा बदलली. मे २००८ मध्ये जैवविविधता कराराच्या बॉन येथील परिषदेत देशांनी ठरवले होते, की किनाऱ्यालगतचे छोटे शास्त्रीय प्रयोग सोडून समुद्राला खत घालण्याचे प्रकार थांबवावेत. परिषदेचे यजमान जर्मनीच. आणि आठच महिन्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, जर्मनीचेच जहाज लोह घेऊन केपटाउनहून निघाले. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक हे मोहिमेचे दोन प्रमुख. एक गोव्याचे, दुसरे ब्रेमरहाफेनचे. चमूत निम्म्याहून अधिक भारतीय.

पर्यावरणवादी संघटनांनी आवाज उठवला. जर्मनीच्या पर्यावरणमंत्र्यांनी प्रयोग थांबवण्याची मागणी केली, संशोधन खात्याने तज्ज्ञांचे स्वतंत्र अभिप्राय मागवले, आणि जहाज अटलांटिकच्या दक्षिण भागात योग्य तो भोवरा शोधीत हुकमाची वाट पाहत राहिले. या पंधरवड्याची कल्पना करावी. घरापासून हजारो मैलांवर, चाळिशीच्या पलीकडल्या गर्जणाऱ्या अक्षांशांत, कित्येक वर्षांची तयारी गोणींत भरलेली, आणि दिवस मोजके. बर्फाने अडवले असते तर जहाज धडक तरी देऊ शकले असते; येथे दोन खात्यांमधला कागद अडला होता. २६ जानेवारीला परवानगी आली. तो आपला प्रजासत्ताक दिन होता, हे भारतीय चमूच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसेल.

हरकत घेणारे चूक होते का? मला तसे वाटत नाही. समुद्र कोणाचाच नसतो म्हणून त्यात काहीही ओतावे, ही वृत्ती आपण पुष्कळ पाहिली आहे, आणि शास्त्रीय प्रयोगाच्या आडून व्यापार आत येण्याची भीती निराधार नव्हती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. समुद्राला खत घालून हवामान सुधारेल की नाही, हे प्रयोगावाचून कळणार कसे? आणि कळले नाही तर विकणाऱ्यांचे तोंड बंद कोण करणार?

सुमारे तीनशे चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचे द्रावण सोडले गेले. प्लवक वाढले, दोन आठवड्यांत जवळपास दुप्पट झाले, आणि मग थांबले. कारण मोठे मजेदार होते. ज्या डायाटमच्या अंगावर वाळूसारखे सिलिकाचे कवच असते, ते वाढलेच नाहीत. त्या पाण्यातले सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी संपवले होते. वाढले ते कवच नसलेले इतर, आणि त्यांना कोपेपॉड जातीच्या बारीक प्राण्यांनी खाऊन टाकले. कोपेपॉडांवर अॅम्फिपॉड जातीचे जरा मोठे प्राणी तुटून पडले, जे स्वतः माकूल आणि देवमाशांचे अन्न. कार्बन तळाशी फारसा गेलाच नाही. तो पंगतीतच फिरत राहिला. २००४ च्या प्रयोगात, जेथे डायाटम होते, तेथे मात्र बहराचा निदान अर्धा भाग हजार मीटरच्या खाली गेल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे लोह हे सर्व रोगांवरचे औषध नाही. कोठे, कधी, कोणाच्या सोबतीत, यावर सगळे अवलंबून. ‘लोहाफेक्स’ फसला असे पुष्कळांनी लिहिले. ज्या प्रयोगाने एक सोपा उपाय सोपा नाही एवढे सिद्ध केले, त्याला फसलेला का म्हणावे, हे मला कळलेले नाही. १७ मार्चला जहाज चिलीतील पुंता अरेनासला लागले.

दहा वर्षांनी त्याच जहाजाने फोडण्याचे सोडून अडकण्याचे काम अंगावर घेतले. त्याला आधार होता फ्रिट्झॉफ नान्सेन यांचा. सायबेरियाच्या बाजूला १८८१ मध्ये बुडालेल्या ‘जॅनेट’ जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले, तेव्हा ध्रुवाचा बर्फ वाहतो आहे हे नान्सेन यांनी ताडले. कॉलिन आर्चर यांच्याकडून त्यांनी ‘फ्राम’ हे गोल अंगाचे लाकडी जहाज असे बांधून घेतले, की बर्फाने दाबले तर ते चिरडले न जाता वर उचलले जावे. १८९३ च्या सप्टेंबरात त्यांनी ते मुद्दाम गोठू दिले. १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते दुसऱ्या बाजूला मोकळे झाले. मकारोव आणि नान्सेन एकाच दशकातले. एकाने बर्फावर चढायचे ठरवले, दुसऱ्याने त्याच्या कडेवर बसायचे.

‘पोलारश्टेर्न’ने हे दोन्ही केले. २० सप्टेंबर २०१९ रोजी ते नॉर्वेतील ट्रोम्सोहून निघाले, ४ ऑक्टोबरला त्याला एका हिमखंडाशी बांधले गेले आणि इंजिने वाहण्यापुरती शांत झाली. ‘मोझाइक’ असे या मोहिमेचे नाव, मार्कुस रेक्स तिचे प्रमुख, वीस देशांचा सहभाग. केरळचा एक तरुण संशोधकही त्यात होता. ध्रुवीय रात्रीत ढग, हवा, बर्फ, पाणी यांची सलग मोजमापे यापूर्वी कोणी अशी घेतली नव्हती. २४ फेब्रुवारी २०२० रोजी ते वाहत वाहत ध्रुवापासून १५६ किलोमीटरवर गेले. ‘फ्राम’ला जवळपास तीन वर्षे लागली होती, येथे हिमखंड दहा महिन्यांत संपला. दोघांच्या आरंभाच्या जागा वेगळ्या होत्या हे खरे, पण बर्फ पातळ झाला आहे आणि अधिक वेगाने वाहतो आहे हेही तितकेच खरे.

रसदेने येथेही आपले महत्त्व दाखवले. भर हिवाळ्यात माणसे आणि धान्य घेऊन रशियाचे ‘कापितान द्रानित्सिन’ मोठ्या कष्टाने पोहोचले, पण वाटेत इतके इंधन जळाले की परतीसाठी त्याला इंधन देण्यास दुसरे रशियन बर्फफोडे जहाज पाठवावे लागले. त्याचे नाव ‘अॅडमिरल मकारोव’. मग कोविड आला. विमानाने माणसे बदलण्याचे बेत कोसळले, आणि मे महिन्यात ‘पोलारश्टेर्न’ला हिमखंड सोडून स्वालबार्डपर्यंत यावे लागले, तेथे दोन जर्मन जहाजांनी नवी माणसे आणि सामान आणले. जूनमध्ये ते पुन्हा आपल्या हिमखंडाकडे गेले. जुलैअखेर तो फुटला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी जहाज ब्रेमरहाफेनला परतले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर जर्मनी आणि रशिया यांचे शास्त्रीय सहकार्य थांबले. मोहीम अडीच वर्षे उशिरा निघाली असती, तर मकारोव यांच्या नावाचे जहाज मदतीला आले नसते.

त्याआधी, २०२१ च्या आरंभी, वेडेल समुद्राच्या दक्षिण भागात जहाजामागून तळाजवळून ओढल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याला एक गोल खळगा दिसला, मग दुसरा, मग तास न् तास तेच. हिममाशांची घरटी होती ती. प्रत्येक सुमारे पाऊण मीटर रुंद, तळाला बारीक खडे, त्यात दीड-दोन हजार अंडी, आणि बहुतेकांत एक मासा राखणीला. अंदाज निघाला सहा कोटी घरट्यांचा. जहाज तेव्हा चाळिशीला आले होते.

आता ते थकले आहे. त्याची जागा घेणारे नवे जहाज विस्मार येथील गोदीत बांधण्याचा करार २०२४ च्या डिसेंबरात झाला. ते २०३० मध्ये मिळावयाचे आहे आणि नाव तेच राहणार आहे. भारतात स्वतःच्या ध्रुवीय जहाजाला मंत्रिमंडळाची मंजुरी २०१४ मध्ये मिळाली होती. जहाज झाले नाही. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने ओस्लो येथे नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी त्यासाठी सामंजस्य करार केला आहे. म्हणजे ‘पोलर सर्कल’ मुरगावहून निघाल्याला त्रेचाळीस वर्षे उलटून गेल्यावर.